हार्ट फेल्युअर आणि बीआरडी४ : हे प्रोटीन 'बंद' करून चालेल का?

खाडीकाठ (कोपरी, ठाणे)

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. 'हार्ट फेल करणारं प्रोटीन सापडलं, ते बंद केलं की हृदय पुन्हा तरुण.' खाली कुठल्याशा पावडरीची जाहिरात. तो वाचून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "यांची डाळ-उसळ बंद करू का? प्रोटीन असतं ना त्यात?" काकांचं पंपिंग कमी आहे, ईएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त पुढे ढकलतं तो आकडा) ३० च्या आसपास. मी ज्युनियर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते, आणि या विषयावर जमेल तसं वाचत असते. मेसेजमागचं संशोधन खरं आहे, पण त्यातून काढलेला अर्थ धोकादायक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी डाळीचं. आपण खातो ते प्रोटीन पोटात अमिनो आम्लांत मोडतं. मेसेजमधलं प्रोटीन म्हणजे बीआरडी४. ते पेशी स्वतःच्या आत बनवते आणि ते केंद्रकात राहतं. आमटी बंद केली म्हणून ते कमी होत नाही. काका मात्र अशक्त होतील.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. ते चालू असतं, दिवसाला लाखभर ठोके देत असतं, पण शरीराला हवं तेवढं रक्त पुढे जात नाही. मग पायाला सूज, जिना चढताना दम, रात्री आडवं झालं की घुसमट. आधी येऊन गेलेला अटॅक, वर्षानुवर्षांचं बीपी, झडपेचा आजार, डायबेटिस अशी कारणं असतात. आपल्याकडे हे लवकर गाठतं. तिरुवनंतपुरमच्या हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत २०१३ साली १,२०५ पेशंट नोंदवले गेले, त्यांचं सरासरी वय ६१ होतं.

मोठ्या माणसाच्या हृदयात नव्या स्नायूपेशी फारशा तयार होत नाहीत. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ चा माग काढून स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये हे मोजलं. पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का पेशी बदलतात, पंच्याहत्तरीत अर्धा टक्काही नाही. त्यामुळे ताण आला की आहेत त्याच पेशी फुगतात आणि कोणती जनुकं चालवायची हेच बदलून टाकतात. पोटातल्या बाळाच्या हृदयात चालणारी काही जनुकं पुन्हा सुरू होतात. सोबतीला फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी जाग्या होऊन तंतूंचं जाळं विणतात, हृदय ताठर होतं.

यात बीआरडी४ कुठे येतं? डीएनए हिस्टोन नावाच्या प्रोटीनांभोवती गुंडाळलेला असतो. जिथलं जनुक वाचायचं, तिथल्या हिस्टोनवर अ‍ॅसिटिलच्या खुणा लागतात. बीआरडी४ त्या खुणा ओळखून तिथे बसतं. जनुक वाचणारं यंत्र, म्हणजे आरएनए पॉलिमरेज २, पुष्कळदा आधीच तिथे येऊन अगदी सुरुवातीला अडून असतं, कळव्याच्या अलीकडे सिग्नलला उभ्या राहिलेल्या लोकलसारखं. बीआरडी४ एका मदतनीस जोडीला बोलावून आणतं, त्या जोडीतलं सीडीके९ हे एन्झाइम पॉलिमरेजवर फॉस्फेट चढवतं, आणि वाचन पुढे सरकतं.

२०१० मध्ये बोस्टनच्या डाना-फार्बर संस्थेत जेम्स ब्रॅडनर यांच्या गटाने जेक्यू१ नावाचा रेणू जाहीर केला. तो बीआरडी४ ला हिस्टोनवर बसू देत नाही. २०१३ मध्ये 'सेल' या नियतकालिकात उंदरांवरचा प्रयोग आला. उंदरांची महाधमनी थोडी आवळून हृदयावर ताण आणला, जेक्यू१ दिलं, तर हृदय फुगणं आणि तंतू साचणं दोन्ही आटोक्यात राहिलं. २०१७ मध्ये, आजार आधीच जडलेल्या उंदरांतही फायदा दिसला.

मेसेज लिहिणारा इथे थांबला. पुढचं वाचलंच पाहिजे. २०२० मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी प्रौढ उंदरांच्या फक्त हृदयस्नायूंमधून बीआरडी४ चं जनुकच काढून टाकलं. उंदीर सुधारले नाहीत. त्यांचं पंपिंग झपाट्याने कोसळलं आणि ते मेले. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं, चालवणारी जनुकं बीआरडी४ विना बसली होती, आणि क्षणाचीही उसंत नसलेल्या या स्नायूला ऊर्जा मिळेनाशी झाली.

म्हणजे ताणाखाली हृदय बिघडवण्यात ज्याचा हात आहे, तेच प्रोटीन रोज स्नायूपेशीला जगवतंही. किती अडवायचं, कुठल्या पेशीत अडवायचं आणि किती काळ, यावर सगळं अवलंबून आहे. हे ठरवण्याची ताकद कुठल्याही पावडरीत नाही. माझी कळकळीची विनंती आहे, असे मेसेज पुढे पाठवू नका.

पामबीच (नेरुळ)

ताई, फार गरजेचा धागा. माझ्या वडिलांचा ईएफ २८ होता, आता इकोत ३८ आलाय. चार औषधं चालू आहेत. डॉक्टर दर वेळी एनटी-प्रोबीएनपी ही रक्ताची टेस्ट करायला सांगतात. तो आकडा हजारांत होता, आता बराच खाली आलाय. या टेस्टचा आणि जनुकांचा काही संबंध आहे का?

खाडीकाठ

@पामबीच, थेट संबंध आहे. मी वर लिहिलं ना, ताणाखाली जुनी जनुकं पुन्हा सुरू होतात, त्यातलंच एक एनपीपीबी. त्यावरून हृदयाची पेशी एक लांब प्रोटीन बनवते, त्याचे दोन तुकडे होतात. एक बीएनपी, जो लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर टाकायला मदत करतो, आणि दुसरा एनटी-प्रोबीएनपी, जो फक्त मोजायच्या कामाचा. बीएनपी पहिल्यांदा १९८८ मध्ये जपानमध्ये डुकराच्या मेंदूत सापडला, म्हणून नावात 'ब्रेन' राहून गेला. हृदयात तो कितीतरी जास्त बनतो हे नंतर कळलं.

बाबांचा आकडा उतरला याचा अर्थ हृदयाच्या भिंतीवरचा ताण कमी झाला आणि ते जनुक कमी चालतंय. तुमच्या हातातला लॅबचा कागद हा जनुकांच्या कामाचाच रिपोर्ट आहे. आनंदाची गोष्ट आहे, बाबांना सांगा.

दवाखाना_चरई (ठाणे)

फिजिशियन आहे, नौपाडा-चरई भागात प्रॅक्टिस करतो. खाडीकाठताईंनी एनटी-प्रोबीएनपीचं सांगितलं त्यात थोडी भर. ज्यांना सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टनची गोळी चालू आहे त्यांच्यात साधा बीएनपी मोजून गोंधळ होतो, कारण ही गोळी बीएनपी मोडणाऱ्या एन्झाइमलाच अडवते, त्यामुळे तो वाढलेला दिसू शकतो. म्हणून एनटी-प्रोबीएनपीच करायचा. रिपोर्टवरचं नाव नीट वाचा. दोन्ही आकड्यांची तुलना होत नाही.

आता मुख्य मुद्दा. रोज बघतो ते सांगतो. माणसाला बरं वाटायला लागतं, सूज उतरते, दम कमी होतो आणि तो गोळ्या सोडतो. मग दीड-दोन महिन्यांत पुन्हा अ‍ॅडमिट. ईएफ वाढला तो गोळ्यांमुळे वाढला, हे घरच्यांनी मनात पक्कं धरलं पाहिजे.

आणि ज्यांना 'जनुकांवर काम करणारं' औषध हवंय त्यांच्यासाठी एक जुना अभ्यास. २००२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. डायलेटेड कार्डिओमायोपथीच्या (हृदयाचा स्नायू कमजोर होऊन हृदय ताणलं जातं त्या आजाराच्या) ५३ पेशंटना बीटा-ब्लॉकर किंवा नुसती औषध नसलेली गोळी दिली आणि आधी व नंतर हृदयाचे बारीक तुकडे काढून जनुकं तपासली. ज्यांचा ईएफ सुधारला, त्यांच्यात निरोगी हृदयाची जनुकं पुन्हा वाढली होती. कॅल्शियम आत ओढणाऱ्या पंपाचं जनुक वाढलं, मायोसिन या स्नायू आकसवणाऱ्या प्रोटीनचा वेगवान प्रकार वाढला, संथ प्रकार कमी झाला. ज्या कार्व्हेडिलॉल, मेटोप्रोलॉलला लोक 'साधी बीपीची गोळी' म्हणतात, त्यांचा हा परिणाम.

घोडबंदरकर

डॉक्टर, पण ही गोळी केंद्रकात जात नाही ना? मग जनुकांपर्यंत पोहोचते कशी?

सूक्ष्मदर्शी (खारघर)

याचं उत्तर मी देते. क्रोमॅटिनवर, म्हणजे हिस्टोनभोवती गुंडाळलेल्या डीएनएवर, काम करते, कॅन्सरच्या संदर्भात.

गोळीला केंद्रकात जावं लागत नाही. हृदय दमलं की शरीर अ‍ॅड्रेनॅलिनच्या जातीची रसायनं आणि अँजिओटेन्सिन वाढवतं. ती पेशीच्या बाहेरच्या कडेला रिसेप्टरवर बसतात, आत कॅल्शियमची गडबड होते, आणि तिथून निरोप केंद्रकापर्यंत जातो. यातला एक रस्ता १९९८ मध्ये जेफ्री मोल्केन्टिन आणि एरिक ओल्सन यांच्या गटाने दाखवला. कॅल्शियम वाढलं की कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम जागं होतं, ते एनएफएटी या प्रोटीनवरचा फॉस्फेट काढतं, एनएफएटी केंद्रकात शिरतं आणि जीएटीए४ या दुसऱ्या प्रोटीनसोबत मिळून हृदय फुगवणारी जनुकं चालवतं. दुसऱ्या रस्त्याने एचडीएसी जातीची प्रोटीनं केंद्रकाबाहेर काढली जातात. ती एमईएफ२ या जनुकं चालवणाऱ्या प्रोटीनला दाबून ठेवत असतात. ती गेली की एमईएफ२ मोकळं.

बीटा-ब्लॉकर अ‍ॅड्रेनॅलिनचा निरोप रिसेप्टरवरच कमी करतो. अँजिओटेन्सिन अडवणारी औषधं दुसरा निरोप कमी करतात. बीआरडी४ या सगळ्याच्या शेवटच्या टोकाला आहे, बरेच रस्ते तिथे येऊन मिळतात. म्हणूनच शास्त्रज्ञांना ते इतकं खुणावतं, आणि म्हणूनच त्याला हात लावणं जोखमीचं आहे.

जेक्यू१ बद्दल थोडं. ते आलं कॅन्सरमधून. एनयूटी कार्सिनोमा नावाचा दुर्मिळ, फार आक्रमक कॅन्सर आहे, त्यात बहुतेक वेळा बीआरडी४ चं जनुक दुसऱ्या जनुकाला चुकीचं जोडलं गेलेलं असतं. त्या पेशींवर जेक्यू१ पहिल्यांदा तपासलं गेलं. ब्रॅडनर यांनी रेणूची रचना खुली केली आणि मागेल त्या प्रयोगशाळेला नमुने पाठवले. हृदयावरचं काम इतक्या लवकर सुरू होऊ शकलं त्यात या मोकळेपणाचा मोठा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं. पण ते आहे प्रयोगशाळेचं साधन. शरीरात फार वेळ टिकत नाही, माणसांना औषध म्हणून दिलं जात नाही. याच जातीची दुसरी औषधं कॅन्सरच्या चाचण्यांत दिली तेव्हा प्लेटलेट्स खाली जाणं, थकवा, मळमळ, जुलाब हे त्रास पुन्हा पुन्हा दिसले.

तलावपाळी

सगळं वाचलं. स्पष्ट बोलतो, राग मानू नये. २०१० ला रेणू, २०१३ ला उंदीर, आणि आज इतक्या वर्षांनीही कोपरीच्या काकांना त्याचा उपयोग शून्य. माझी आई याच आजाराने गेली. दर वर्षी पेपरात 'नवा शोध' वाचायचो आणि आशा लावून बसायचो. माणसांवर कधी काही झालं का?

सूक्ष्मदर्शी

@तलावपाळी, आईबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे.

माणसांवर मोठी चाचणी झाली आहे. अ‍ॅपाबेटालोन नावाचं औषध, जे बीआरडी४ आणि त्याच्या भावंडांचा एकच भाग पकडतं, त्यामुळे जेक्यू१ पेक्षा सौम्य. टाइप २ डायबेटिस आणि नुकताच हृदयाचा झटका किंवा तत्सम त्रास झालेल्या २,४२५ जणांवर ती झाली, निकाल २०२० मध्ये आले. मुख्य उद्दिष्ट होतं हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू, अटॅक आणि पक्षाघात कमी करणं. औषध घेणाऱ्यांत अशा घटना १०.३ टक्के, न घेणाऱ्यांत १२.४ टक्के. फरक दिसला, पण योगायोग नाही असं म्हणण्याइतका पक्का ठरला नाही. हार्ट फेल्युअरसाठी अ‍ॅडमिट होण्याचं प्रमाण मात्र २.४ विरुद्ध ४.० टक्के असं कमी होतं. हा आकडा मुख्य उद्दिष्टाचा नसल्याने त्यावर औषधाला परवानगी मिळत नाही, त्यासाठी वेगळी चाचणी लागते.

खाडीकाठ

@तलावपाळी, मी एवढंच म्हणेन की या काळात दुसरी दोन औषधं खरंच आली. सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन २०१४ मध्ये ८,४४२ पेशंटवर सिद्ध झालं, आणि डायबेटिसची मानली जाणारी डापाग्लिफ्लोझिन २०१९ मध्ये ४,७४४ हार्ट फेल्युअरच्या पेशंटवर, त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना डायबेटिस नव्हताच. संशोधनाच्या अनेक वाटा एकाच वेळी चालू असतात, आणि कुठली आधी पोहोचेल ते सांगता येत नाही. तुमच्या आईला ती वेळेत मिळाली नाहीत याचं दुःख आहेच.

ऐरोलीची_मनू

डापाग्लिफ्लोझिनबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे २०२० मध्ये तिचं पेटंट संपलं आणि बऱ्याच कंपन्यांच्या गोळ्या आल्या, किंमत खूप उतरली. आईला चालू आहे. आधी एका मोठ्या हॉस्पिटलमधून (नाव नको) महागातला ब्रँड लिहून दिला होता आणि तोच घ्या म्हणून आग्रह. आम्ही महिनाअखेरीला एक दिवसाआड द्यायला लागलो होतो. आमच्या ऐरोलीच्या फॅमिली डॉक्टरांनी तेच औषध स्वस्तात लिहून दिलं, आता रोज जाते. पैशामुळे गोळी चुकत असेल तर डॉक्टरांशी बोला, प्लीज. लाजू नका.

दवाखाना_चरई

@ऐरोलीची_मनू, शंभर टक्के. एक दिवसाआड गोळी हा आमच्यासमोर सगळ्यात उशिरा येणारा खुलासा असतो.

घरच्यांनी करायचं तेही सांगून ठेवतो. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन. एका वहीत तारखेसमोर आकडा. दोन-तीन दिवसांत दोन किलो चढलं तर ते पाणी आहे, वाट न बघता फोन करा, पाण्याची गोळी वाढवावी लागते. मिठाचं म्हणाल तर जेवणात वरून घेतात त्यापेक्षा लोणचं, पापड, फरसाण, खारवलेले बोंबील यांतून जास्त जातं. आणि प्रोटीन तोडू नका. हार्ट फेल्युअरमध्ये स्नायू झडतात, डाळ, दही, अंडं, ताजी मासळी हवीच. किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टर ठरवतील.

दुखण्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन टाळा. पाणी धरतं, किडनीवर येतं. गुडघेदुखीच्या दोन गोळ्यांनी अ‍ॅडमिट झालेले लोक पाहिलेत.

येऊरवाट

माझा चुलतभाऊ ३४ वर्षांचा, व्यायाम करणारा, त्याला डायलेटेड कार्डिओमायोपथी निघाली. बीपी नाही, शुगर नाही. घरात सगळे घाबरलेत. आम्ही सगळ्यांनी जनुकं तपासून घ्यायची का? बीआरडी४ ची काही टेस्ट असते का?

सूक्ष्मदर्शी

@येऊरवाट, बीआरडी४ ची अशी टेस्ट दवाखान्यात नसते आणि तुम्हाला तिची गरजही नाही. भावाच्या वयात असं झालं तर घराण्यातून आलेला बदल आहे का ते बघणं मात्र योग्य. अशा पेशंटमध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो टायटिन या स्नायूतल्या अवाढव्य प्रोटीनच्या जनुकातला बिघाड. आणखी एक आरबीएम२०, जे टायटिनसारख्या जनुकांच्या संदेशाची कापणी-जोडणी ठरवतं. धाग्याचा विषय जनुकांचं नियमन असल्याने मुद्दाम सांगते, आरबीएम२० च्या बिघाडात ठोके बिघडण्याचा धोका जास्त असतो, म्हणून ते कळलेलं बरं.

दक्षिण आशियाई लोकांमधला एक बदलही माहीत असू दे. एमवायबीपीसी३ या जनुकातली २५ अक्षरं गळलेली असतात. साधारण ४ टक्के लोकांत हे आढळतं. २००९ मध्ये आपल्याच शास्त्रज्ञांनी, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या सहभागाने, त्याचा हृदयविकाराशी संबंध दाखवला. पण तो असणाऱ्या प्रत्येकाला आजार होत नाही.

क्रम असा ठेवा : आधी भावाची तपासणी जेनेटिक काउन्सेलरच्या सल्ल्याने. त्याच्यात काही सापडलं तरच तेवढंच बाकीच्यांत बघायचं. सख्खे भाऊ-बहीण, आईवडील, मुलं यांनी इको आणि ईसीजी तर लगेच करून घ्यावा.

येऊरवाट

खूप आभार. त्याच्या बहिणीचा इको याच आठवड्यात करतो.

पामबीच

एक शेवटचं विचारतो. स्नायूपेशीत बीआरडी४ लागतंच, मग फक्त त्या तंतू विणणाऱ्या पेशींत अडवता येईल का? तिथे तर नुकसान नाही ना?

सूक्ष्मदर्शी

@पामबीच, संशोधन नेमकं तिकडेच वळलंय. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन इन्स्टिट्यूटमध्ये दीपक श्रीवास्तव यांच्या गटाने उंदरांना जेक्यू१ दिलं आणि मग थांबवलं. दिलं की फायब्रोब्लास्ट शांत झाले, पंपिंग सुधारलं. थांबवलं की पेशी पुन्हा जाग्या झाल्या आणि पंपिंग पुन्हा उतरलं. या चढउताराबरोबर अगदी नेमकं वरखाली होणारं एक जनुक सापडलं, एमईओएक्स१. तेही नियामकच, म्हणजे दुसरी जनुकं चालू-बंद करणारं, निरोगी हृदयात जवळपास गप्प असतं. म्हणून बीआरडी४ ला हात न लावता फक्त एमईओएक्स१ गाठता आलं तर स्नायूपेशी सुरक्षित राहील, ही आशा. अशा नियामक प्रोटीनांवर औषधाला धरायला खाच सहसा नसते, ही मोठी अडचण.

२०२४ मध्ये त्याच कामाचा पुढचा भाग आला. हृदयात शिरलेल्या रोगप्रतिकारक पेशींमधलं बीआरडी४ काढलं तर फायब्रोब्लास्ट शांत राहिले आणि पंपिंग सुधारलं. त्या पेशी इंटरल्युकिन-१ बीटा हे दाह वाढवणारं रसायन सोडतात, त्यातून एमईओएक्स१ जागं होतं. इंटरल्युकिन अडवणारी अँटिबॉडी दिली तर उंदरांत फायदा दिसला.

इंटरल्युकिन-१ बीटा अडवणारं कॅनाकिनुमॅब माणसांतही वापरून झालंय. अटॅक येऊन गेलेल्या १०,०६१ लोकांची चाचणी, निकाल २०१७ मध्ये. मधल्या डोसला हृदयविकाराच्या घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या, पण जिवावर बेतणारे जंतुसंसर्ग वाढले, एकूण मृत्यू घटले नाहीत. हृदयासाठी त्याला मान्यता मिळाली नाही. ती चाचणी हार्ट फेल्युअरसाठी आखलेली नव्हती. हृदयात दाह (इन्फ्लमेशन) असलेले नेमके पेशंट निवडून, थोड्या काळासाठी, असा प्रयोग झाला तर काय दिसेल हे मला बघायचंय. अशा चाचणीत नाव घालायची वेळ आली तर वडिलांच्या कार्डिओलॉजिस्टना विचारूनच, आणि चालू गोळ्यांपैकी एकही न थांबवता.